वीतभर उंचीवरची थंडी

मागच्या खेपेला आपण न्यायदर्शनातल्या प्रमाणांवर बोललो. प्रत्यक्ष, अनुमान वगैरे. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं की सर, हे सगळं ठीक आहे, पण प्रत्यक्ष आणि अनुमान खरोखरच एकमेकांसमोर उभे ठाकले असं एखादं आजच्या काळातलं उदाहरण सांगा ना, धूर आणि अग्नी सोडून. आम्ही त्या वेळी वेळ मारून नेली. घरी जाऊन विचार केला आणि उदाहरण सापडलं ते भौतिकशास्त्रात. आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, भौतिकशास्त्रज्ञ नाही. तेव्हा शास्त्राचा भाग आम्हाला जितका समजला तितकाच सांगू. बोलायचं आहे एका माणसाच्या कारकिर्दीबद्दल, आणि त्याच्या अशा एका शोधाबद्दल, जो बराच काळ कोणाला पटेना.

सुरुवात आपल्या नागपुरातूनच करता येते. सिव्हिल लाइन्समधलं एजी ऑफिस तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. सी. व्ही. रामन 1910 साली नागपुरात होते, आणि होते ते याच हिशेब खात्यातले अधिकारी म्हणून. रंगूनहून त्यांची इथे बदली झाली आणि वर्षभर होतं न होतं तोच 1911 मध्ये ते कलकत्त्याला गेले. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या राजधानीत सरकारी जमाखर्च तपासणाऱ्या या तरुणाच्या नावावर तेव्हाच 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये शोधनिबंध छापून आलेले होते. त्यातला 1907 चा निबंध होता द्रवाच्या पृष्ठताणावर, थेंबाच्या वक्रतेवरून तो कसा मोजायचा यावर. लॉर्ड रॅली यांच्याशी पत्रव्यवहार होता, आणि रॅलीसाहेब त्यांना पत्रात 'प्रोफेसर' म्हणून संबोधत. हा मनुष्य कारकुनी खात्यात आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पृष्ठभाग ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. एक वस्तू जिथे संपते आणि दुसरी सुरू होते ती सीमा. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना सीमेचं फार आकर्षण, पण आम्ही तिच्यावर फक्त बोलतो. हे लोक ती मोजतात. आज पृष्ठभागाचं भौतिकशास्त्र म्हटलं की अतिनिर्वात कक्ष, इलेक्ट्रॉनचे वर्णपट, अणूंचे थर असं सगळं डोळ्यांसमोर येतं. पुणे विद्यापीठात अरुण निगवेकर, सुलभा कुलकर्णी यांनी अशा प्रकारचं काम केलं आणि विद्यार्थी घडवले. पण आम्ही आज जाणार आहोत त्याच्या आधीच्या पिढीकडे, जिच्याकडे काचेचे फुगे, पारा, थर्मामीटर आणि भरपूर चिकाटी होती.

त्या पिढीतलं नाव म्हणजे एल. ए. रामदास. आपल्याकडे रामदास म्हटलं की थेट समर्थ आठवतात, म्हणून आधीच सांगतो, हे रामदास पालघाटचे, जन्म 1900 चा. पुढे रामन कलकत्त्याला इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये काम करत होते, बो बाजार स्ट्रीटवर. तिथे रामदास त्यांच्या हाताखाली संशोधनाला लागले. विषय मिळाला तो गुरूच्या जुन्या आवडीचाच, द्रवाचा पृष्ठभाग.

प्रश्न असा होता. भांड्यातलं पाणी शांत ठेवलं तर त्याचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत दिसतो. खरोखर तो तसा असतो का? स्मोलुचोव्हस्की नावाच्या पोलिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगितलं होतं की नसतो. रेणूंची उष्णतेमुळे होणारी धडपड पृष्ठभागावरही चालू असते, तिने तो सतत अतिसूक्ष्म थरथरत असतो. पृष्ठताण त्याला ताणून सपाट करू पाहतो, उष्णता त्याला खडबडीत करू पाहते. मग या पृष्ठभागावर प्रखर प्रकाशझोत पाडला, तर बहुतेक प्रकाश नियमाप्रमाणे परावर्तित होईल, पण अगदी थोडासा इकडेतिकडे विखुरला जाईल. त्या विखुरण्यावरून थरथर मोजता येईल. मंडेलश्टामने 1913 मध्ये असा प्रकाश पाहिला होता. रामन आणि रामदास यांनी निरनिराळे द्रव घेऊन हे काम नेटाने केलं, आणि 1925 मध्ये रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये ते छापून आलं.

वाचायला हे सोपं वाटतं. पण या कामाचा खरा शत्रू होता धूळ. धुळीचा एखादा कण पृष्ठभागावर आला की तो रेणूंच्या थरथरीपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश विखुरणार, आणि तुम्ही मोजत बसणार धूळच. म्हणून द्रव बंद काचेत सावकाश ऊर्ध्वपातित करून, धुळीचा मागमूस राहणार नाही इतका शुद्ध करायचा. अशा धूळ काढण्याच्या कामात या मुलांचे दिवसच्या दिवस गेले. ही धूळ लक्षात ठेवा, मंडळी, ती पुढे परत येणार आहे.

28 फेब्रुवारी 1928 ची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, तिच्यात आत्ता शिरत नाही. एवढंच सांगतो की त्याच वर्षी 'नेचर'मध्ये रामदास यांचं एक टिपण आलं, आकाशात सूर्यास्तानंतर दिसणाऱ्या राशिचक्रीय प्रकाशाबद्दलचं, आणि त्याच्या शीर्षकातच 'रामन इफेक्ट' हे शब्द होते. हे नाव छापील शीर्षकात आणणाऱ्या अगदी पहिल्या लोकांत शिष्य रामदास होते.

आता नोकरीचा मुद्दा. इतकं काम केलेल्या माणसाला आज आपण म्हणू, विद्यापीठात प्राध्यापक व्हा. पण त्या काळी विद्यापीठांत भौतिकशास्त्राच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. स्थिर पगार आणि थोडीफार उपकरणं देणारं एक खातं होतं, ते म्हणजे हवामान खातं. रामन यांचे विद्यार्थी तिकडे वळले. के. आर. रामनाथन गेले, रामदास गेले, आणि स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये ॲना मणी याच खात्यात पुण्याला रुजू झाल्या. ॲना मणींचा प्रबंध मद्रास विद्यापीठाने एम. एस्सी. नाही म्हणून पीएच. डी.ला मान्यच केला नव्हता. आम्ही पस्तीस वर्षं विद्यापीठात काढली, तेव्हा बोलायचा अधिकार आहे म्हणून बोलतो, आपल्या देशात कितीतरी ज्ञान विद्यापीठाच्या फाटकाबाहेर तयार झालं, आणि त्यातल्या काहींना फाटकावरूनच परत पाठवलेलं होतं.

हवामान खात्याचं मुख्य कार्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरला ती घड्याळाच्या मनोऱ्याची दगडी इमारत आहे. पुणेकर तिला आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. पुण्याला नवीन गेलेला माणूस बसच्या कंडक्टरने 'सिमला ऑफिस' पुकारलं की दचकतो, आमचंही तसंच झालं होतं.

त्याच सुमारास शेतीवरच्या रॉयल कमिशनचा अहवाल आला होता. शेती आणि हवामान यांचा संबंध शास्त्रीय पद्धतीने तपासावा अशी त्यात शिफारस होती. तिला अनुसरून 1932 मध्ये पुण्यात कृषी हवामानशास्त्राची शाखा उघडली, आणि तिचे प्रमुख झाले रामदास. जागा कृषी महाविद्यालयाच्या शेतात. म्हणजे पहा, कालपर्यंत जो माणूस काचेच्या फुग्यात पाऱ्याचा पृष्ठभाग पाहत होता तो आता उघड्या रानात काळ्या मातीसमोर उभा. वरवर पाहता कारकीर्द तुटली. आमच्या मते ती तुटली नाही. प्रश्न तोच राहिला, सीमेवर काय घडतं हा. द्रव आणि हवा यांच्या सीमेऐवजी आता जमीन आणि हवा यांची सीमा आली, एवढंच.

या शेतावर त्यांनी किती साध्या गोष्टी करून पाहिल्या ते ऐकण्यासारखं आहे. काळी कपाशीची जमीन उन्हात किती तापते हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. रामदास आणि त्यांचे सहकारी द्रविड यांनी अशा जमिनीच्या एका तुकड्यावर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला. बस्स, इतकंच. शेजारच्या काळ्या तुकड्याच्या मानाने तो तुकडा दुपारी चांगलाच थंड राहिला, आणि तो फरक नुसता वरवरचा नव्हता, खाली मातीतही उतरला. वरचा तो कागदाएवढा थर बदला, खालच्या सगळ्या जमिनीचं तापमान बदलतं. पृष्ठभागाचं महत्त्व याहून सोप्या रीतीने कोणी दाखवलं असेल असं आम्हाला वाटत नाही.

पण आजची मुख्य गोष्ट रात्रीची आहे.

थंडीच्या दिवसांत, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असताना, रात्री जमीन थंड कशी होते? पाठ्यपुस्तक सांगतं: जमीन आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करते. वर ढगाचं पांघरूण नाही, म्हणून ती झपाट्याने थंड होते. तिला चिकटलेली हवा तिच्यामुळे थंड होते, त्यावरची हवा त्यापेक्षा कमी थंड. म्हणजे सगळ्यांत जास्त थंडी कुठे? जमिनीलगत. जसजसं वर जावं तसतसं ऊबदार. दहिवर पडतं ते गवताच्या पात्यावर, ते याच्याशी जुळतं. अनुमान अगदी चोख आहे, हेतूही आहे, व्याप्तीही आहे.

रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी (नाव आमच्या विषयाला किती शोभतं बघा!) पुण्याच्या रानात उघड्या जमिनीवर वेगवेगळ्या उंचीवर तापमान मोजलं. सगळ्यांत थंड हवा जमिनीवर सापडलीच नाही. ती सापडली जमिनीपासून वीतभर-हातभर उंचीवर. जमीन त्या हवेपेक्षा ऊबदार, काही वेळा चांगली काही अंशांनी ऊबदार. तिच्यावर ही थंड हवेची पट्टी, आणि तिच्यावर पुन्हा ऊब वाढत जाते. त्यांनी 1932 मध्ये एका जर्मन भूभौतिकी नियतकालिकात दोन पानांचं टिपण दिलं.

दोनच पानं. आणि ती वाचणाऱ्यांची पहिली प्रतिक्रिया होती ती अविश्वासाची. भूपृष्ठाजवळच्या हवामानाचे जगातले सर्वांत मोठे जाणकार त्या वेळी होते जर्मनीचे रुडॉल्फ गायगर. या विषयावरचा प्रमाणग्रंथच त्यांचा. त्यांनाही सुरुवातीला ही निरीक्षणं शंकास्पदच वाटली.

आता इथे घाई करू नका. गोऱ्या साहेबाने काळ्या माणसावर विश्वास ठेवला नाही, असं म्हणून मोकळं होता येतं, आणि त्यात तथ्य अजिबात नसेल असं आम्ही म्हणत नाही. पण शंका भक्कम होत्या. एक तर थर्मामीटर. उघड्यावरचा थर्मामीटर स्वतःही आकाशाकडे उष्णता फेकतो, म्हणून तो हवेचं तापमान न दाखवता स्वतःचंच थंडपण दाखवत असेल. आपलं इंद्रियच सदोष, तर प्रत्यक्ष कसलं? दुसरं म्हणजे शेजारच्या उतारावरून थंड हवा वाहत येऊन तिथे साचत असेल. तिसरी शंका सर्वांत अवघड. खाली ऊबदार म्हणजे हलकी हवा आणि वर थंड म्हणजे जड हवा, ही रचना टिकेल कशी? जड वरचं खाली येणार, हलकं खालचं वर जाणार, चुलीवरच्या पातेल्यातल्या पाण्यासारखी उलथापालथ होणार. ही उलथापालथ कधी सुरू होते याचं गणित 1916 मध्ये मांडलं होतं ते त्याच लॉर्ड रॅली यांनी. ते गणित लावलं तर हातभर उंची आणि दोन-तीन अंशांचा फरक एवढ्यानेच उलथापालथीचा उंबरठा हजारो पटींनी ओलांडला जातो. तरीही रामदासांची थंड पट्टी रात्रभर आपल्या जागी!

तर्कसंग्रह शिकवताना आम्ही बाधित हेत्वाभासाचं एक उदाहरण द्यायचो. अग्नी थंड आहे, कारण तो द्रव्य आहे, पाण्यासारखा. अनुमान आकाराने ठीक आहे, पण हात लावला की चटका बसतो आणि ते बाधित होतं. मुलं हसायची, की सर, असं अनुमान करणार कोण? आम्हीही हसायचो. पण 1932 साली जगातले शहाणे लोक नेमके उलट्या बाजूला उभे होते. हाताला जाणवतं ते नाकारा, कारण अनुमान चोख आहे. आणि हातही इथे साधा नव्हता, तो पाऱ्याचा किंवा तारेचा होता, त्याला जाणवलेलं खरं की खोटं हे ठरवायला पुन्हा अनुमानच लागणार. न्यायवाल्यांनी प्रत्यक्षाला ज्येष्ठ प्रमाण मानलं ते ठीक, पण या ज्येष्ठाची ओळख पटवून द्यायला धाकट्यालाच बोलवावं लागतं.

इथे एक स्वतःचं सांगतो. फार वर्षांपूर्वी आमच्याकडे एक विद्यार्थी ज्ञानमीमांसेवर प्रबंध करत होता. त्याने एका प्रकरणात असं लिहिलं होतं की ज्या निरीक्षणाला कुठलाच सिद्धान्त नाही तेही ज्ञान असू शकतं, निदान ते जपून तरी ठेवलं पाहिजे. आम्ही म्हटलं, हे भोंगळ आहे, सिद्धान्ताशिवाय निरीक्षण म्हणजे नुसता गोंगाट, काढून टाक. त्याने काढलं. मार्गदर्शकापुढे बिचारा काय करणार. तेव्हा आम्हाला रामदास माहीत नव्हते. माहीत असते तर ते प्रकरण राहिलं असतं की नाही सांगता येत नाही, आम्ही हट्टी होतो.

रामदासांनी मात्र काढून टाकलं नाही. आपल्याकडे पूर्ण स्पष्टीकरण नाही म्हणून निरीक्षण मागे घ्यायचं, हे त्यांनी केलं नाही. पुण्याबाहेर, देशात इतर ठिकाणीही मोजमापं झाली आणि थंड पट्टी तिथेही दिसली. मग उतारावरून वाहणाऱ्या हवेचं काय? सगळीकडेच उतार कसा असेल? 1956 मध्ये इंग्लंडमध्ये लेक नावाच्या संशोधकाला उघड्या मातीवर तसंच आढळलं. आणि जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस राश्के थेट पुण्यालाच आले, त्यांनी काळजीपूर्वक मोजमापं केली आणि 1957 मध्ये जर्मन भाषेत छापून टाकलं की होय, पुण्याच्या उघड्या जमिनीवर रात्रीचं किमान तापमान जमिनीच्या वरच असतं. पंचवीस वर्षं लागली. रामदास तोवर निवृत्तीच्या वयाला पोहोचले होते. पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काम करत राहिले.

त्यांचं बाकीचं काम थोडक्यात सांगतो, कारण ते मोठं असलं तरी सरळ रेषेत आहे. पिकं आणि हवामान यांच्या नोंदी देशभर एकाच पद्धतीने घेण्याची योजना त्यांनी उभी केली. 'क्रॉप्स अँड वेदर इन इंडिया' हे त्यांचं पुस्तक 1960 चं. आज मोबाइलवर येणारा शेतकऱ्यांसाठीचा हवामान-सल्ला आपण वाचतो, त्याची मुळं पुण्याच्या त्या शेतात आहेत. गंमत अशी की रामनच्या दोन विद्यार्थ्यांनी एकाच खात्यात बसून थंडीचे दोन पत्ते शोधले. खालच्या वातावरणातली सर्वांत थंड हवा ध्रुवावर नसून विषुववृत्तावर सुमारे सतरा किलोमीटर उंचीवर आहे, हे रामनाथन यांनी दाखवलं. रामदासांनी शोधलेली थंडी गुडघ्याखालची.

गुडघ्याखालची म्हणून क्षुल्लक समजू नका. हरभऱ्याचं रोप, गव्हाचा कोंब, संत्र्याची रोपवाटिका, सगळे त्याच वीत-दोन वीत उंचीत जगतात. हवामान खात्याचा थर्मामीटर मात्र माणसाच्या छातीच्या उंचीवर पांढऱ्या पेटीत असतो. त्या पेटीतला आकडा आणि रोपाला सोसावी लागणारी थंडी यांत किती अंतर आहे, हे आपल्या काटोल-नरखेडच्या बागाइतदाराला विचारा.

रामदास 1979 मध्ये वारले. शोध मान्य झालेला होता, त्याचं कारण कोणालाच माहीत नव्हतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बंगळूरला रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिला सविस्तर सिद्धान्त मांडला. त्यांचं म्हणणं, हवेतली बाष्प वगैरे उष्णता शोषते आणि फेकते, जमीन ही पूर्ण काळी वस्तू नाही, या दोन्हींच्या हिशोबातून जमिनीलगतची हवा जमिनीच्याही पेक्षा थंड होऊ शकते. त्यांनी या घटनेला 'रामदास परिणाम' असंही म्हटलं. साठ वर्षांनी प्रत्यक्षाला अनुमानाचा आधार मिळाला असं वाटलं. सुटकेचा निःश्वास टाकावा, तोच सुमारे वीस वर्षांनी बंगळूरच्याच जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातल्या श्रीनिवास, सुब्रमण्यन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दाखवलं की त्या हिशोबात चूक आहे. जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या उष्णतेच्या बाबतीत तरंगलांबीचा भेद नीट सांभाळला गेला नव्हता. भेद सांभाळला की परिणाम जवळजवळ नाहीसाच होतो! सिद्धान्त पडला आणि निरीक्षण तसंच उभं.

मग ती पट्टी थंड होते कशाने? या मंडळींनी शेतात आणि प्रयोगशाळेतही मोजमापं केली. त्यांचं उत्तर असं, की जमिनीलगतच्या हवेत तरंगणारे सूक्ष्म कण. शुद्ध हवा इतक्या झपाट्याने उष्णता फेकूच शकत नाही. तिच्यात तरंगणारे कण फेकतात, थेट आकाशाकडे, आणि आपल्याभोवतीची हवा थंड करतात. हे थंड होणं इतकं जलद की उलथापालथीला ते पुरून उरतं. थोडक्यात, धूळ. कलकत्त्यात जिला बाहेर काढण्यात रामदासांची उमेद गेली, तीच.

या स्पष्टीकरणावरही अजून काम चालू आहे, कण किती, कसले, कुठल्या मातीवर. आम्ही त्यात पडत नाही. पण तुमच्यापैकी ज्यांचं शेत आहे त्यांनी येत्या डिसेंबरात एक करून पाहावं. निरभ्र, वारा पडलेली रात्र बघा, गवत नसलेला सपाट तुकडा बघा, आजूबाजूला झाड-भिंत नको. शक्य तितक्या बारीक तारेची तापमानमापकं घ्या, जाड नळीची नकोत, ती आपलंच तापमान सांगतात. एक मातीला टेकवून, मग वीतभरावर, हातभरावर, कमरेएवढ्यावर. सूर्यास्तानंतर दर अर्ध्या तासाने वाचा आणि वहीत लिहा. आकडे पुस्तकाशी जुळले नाहीत तरी तसेच लिहा, खाडाखोड न करता, आणि वही आमच्याकडे घेऊन या. प्रश्न असतील तर आता घेऊ, चहा बाहेर ठेवलेला आहे.